मेयोचं यंदा काय होणार?

(नोव्हेंबर २०२५ मधल्या एका रविवारी डब्लिनजवळच्या पॅरिश हॉलमध्ये, दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात मराठी मंडळींसमोर, आयर्लंडमधल्या मेयो या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गॅलिक फुटबॉल टीमवर दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं सारखं केलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय: ‘२०२६ मध्ये मेयोला कितपत संधी?’ त्याच्या खाली कुणीतरी खडूनं मोठ्ठं शून्य काढून ठेवलंय. शून्याला डोळेही आहेत आणि हसरं तोंडही. कलाकार बहुधा पहिल्या रांगेत बसलेला असावा, कारण पहिल्या रांगेत मला डब्लिनच्या सात निळ्या जर्स्या दिसताहेत. बाळांनो, तुमच्यावर राग नाही. तुमचे आईबाप पुण्या-नाशकाहून आले, डब्लिनमध्ये घरं घेतली, आणि तुम्हाला कळायला लागलं तेव्हा २०१५ ते २०२० अशी ओळीनं सहा वर्षं डब्लिन ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या कौंट्यांमधली मोठी स्पर्धा, जिंकत होतं. तुम्हाला वाटलं, गणपती येतात तसा कपही दर वर्षी येतो. मी जिथे राहतो तिथे तो १९५१ नंतर आलेला नाही.

मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली नऊ समईच्या ओल्या वातींनी खाल्ली. तेव्हा प्रस्तावना नको. मी मूळचा कोल्हापूरचा. पेठ कुठली ते सांगत नाही, हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं आहेत आणि चकल्या अजून वाटायच्या आहेत. (हशा) बघा, हसले ते सगळे कोल्हापूरचे. बाकीच्यांना काय कळलं नाही. शाहू स्टेडियमवर तालमीची फुटबॉल मॅच असली की आमच्याकडे दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं. खेळणारा पोरगा आपल्याच गल्लीतला. सकाळी त्याच्या घरून दूध आणायचं आणि दुपारी त्याला शिव्या घालायच्या. २००४ साली मी मेयोत आलो, तेव्हा लोक फार प्रेमळ, पण पावसाशिवाय दुसऱ्या कशावर बोलावं ते कळेना. मग एका रविवारी कॅसलबारच्या मॅकहेल पार्कमध्ये गेलो. माझ्या मागे बसलेल्या बाई मैदानावरच्या एका पोराला ओरडून सांगत होत्या, ‘तुझी आई बघतेय रे!’ आई खरोखरच पलीकडे बसली होती. मला वाटलं, चला, पेठेत आलो.

नवीन आलेल्यांसाठी एका मिनिटात. गॅलिक फुटबॉलमध्ये पंधरा-पंधरा खेळाडू. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला की गोल, त्याचे तीन; दांडीवरून मारला की पॉइंट, त्याचा एक. धावफलकावर दोन्ही वेगवेगळे लिहितात, आधी गोल, मग पॉइंट. म्हणजे २-८ हे चौदा झाले. ही वेगवेगळं लिहायची पद्धत लक्षात ठेवा, शेवटी तिचंच काम आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणालाही पगार नाही. ज्याच्यासाठी ऐंशी हजार माणूस डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात उभा राहतो तो सोमवारी सकाळी शाळेत पाढे शिकवतो. पैसे देऊन दुसऱ्या कौंटीचा खेळाडू आणता येत नाही. मेयोची लोकसंख्या एक लाख अडतीस हजार, म्हणजे कोल्हापूर शहराच्या पाव. त्यातूनच काय ते पंधरा काढायचे.

आता या लोकांची अंदाज बांधायची तऱ्हा सांगतो, कारण मी आलोय ते खरं त्यासाठी. मेयोमध्ये ‘यंदा आपण जिंकणार’ असं कुणी म्हणत नाही. म्हणायचंच नाही. दुकानात, चर्चच्या दारात, पेट्रोल पंपावर, ‘काय म्हणतेय टीम?’ असं विचारलं की उत्तर एकच: ‘बघू की.’ अगदी आमच्या कोल्हापूरचं ‘बघू की’. त्या ‘बघू की’चे सूर मात्र महिन्यागणिक बदलतात. जानेवारीत लीग, म्हणजे चॅम्पियनशिपच्या आधीची वेगळी स्पर्धा, सुरू होते, चिखल असतो, तेव्हाचा सूर: ‘पोरं जड दिसताहेत.’ मार्चमध्ये दोन मॅच जिंकल्या की: ‘फार लवकर रंगात आलीत.’ हरली तर हरलीच. लीग जिंकणं हा तर अपशकुनच समजतात, आणि त्यालाही आधार आहे. २०२३ ला लीग जिंकली आणि पुढच्याच रविवारी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे ऑल-आयर्लंडच्या वाटेवर, घरच्या मैदानावर रॉसकॉमन कौंटीकडून मार खाल्ला. मे उजाडला की माणसं गप्प होतात. ही खरी खूण. मेयोचा माणूस टीमबद्दल बोलायचा थांबला की समजा, त्याला आशा वाटायला लागली.

माझं काम हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं. सोमवारी सकाळी बाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी बघून आदल्या दिवशी कुठल्या क्लबांची जुंपली होती ते मी सांगू शकतो. बोटं, मनगटं, कॉलर बोन. अर्थात सांगत नाही, सांगता येत नाही. पण गावाला हे माहीत आहे. त्यामुळे मी दूध घ्यायला दुकानात गेलो की दुकानदार सुटे पैसे मोजता मोजता सहज विचारतो, ‘आज काय फार गर्दी नव्हती ना?’ मी म्हणतो, ‘पाऊस होता.’ तो मान हलवतो. मी ‘पाऊस होता’ म्हणालो म्हणजे मिडफिल्डरचं बोट नक्की मोडलंय, हे संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात पोचलेलं असतं. एकदा मी नुसता शिंकलो होतो, तर एका कॉर्नर बॅकचा गुडघा गेल्याची बातमी झाली.

बरं. आता शाप. तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, तरी दोन वाक्यांत. १९५१ ला कप घेऊन परत येताना टीमची गाडी फॉक्सफर्ड गावातून गेली. तिथे अंत्ययात्रा चालली होती. पोरं जल्लोषात, खाली उतरून मान द्यायचं राहिलं. आणि कुणी म्हणतं पाद्र्यानं, कुणी म्हणतं विधवेनं शाप दिला, की या टीममधला शेवटचा माणूस जिवंत आहे तोवर मेयोला कप मिळणार नाही. असं काही घडलं याला पुरावा नाही. पण १९८९ पासून मेयो अकरा फायनल हरलंय. अकरा! त्यात दोनदा पहिली मॅच बरोबरीत सोडवून पुन्हा खेळून हरलंय. १९९६ ला पहिल्या मॅचमध्ये मीथ कौंटीच्या माणसानं लांबून उगाच उडवलेला बॉल टप्पा पडून दांडीवरून गेला आणि बरोबरी झाली. टप्पा पडून! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण ही नकटी अकरा वेळा बोहल्यावर चढली. इतकं झाल्यावर शाप नाही म्हणायला मोठी छाती लागते.

त्या टीममधले शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्याच महिन्यात मेयो टिरोनकडून फायनल हरलं होतं. म्हणजे हिशोबानं शाप तिथे संपला. आणि तेव्हापासून मेयो फायनललाच पोचलेलं नाही. आमचे शेजारी म्हणाले, ‘शाप होता तेव्हा निदान फायनल तरी बघायला मिळायची.’

शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. वय ब्याऐंशी. बारा गाई, एक कुत्रा, एक पाय थोडा आखूड. नाव सांगत नाही. मनातल्या मनात मी त्यांना आप्पा म्हणतो, तेव्हा आप्पाच म्हणू. १९५१ ला ते आठ वर्षांचे होते, रेडिओवर फायनल ऐकल्याचं त्यांना आठवतं, आणि त्या रात्री डोंगरावर पेटवलेल्या होळ्या आठवतात. त्यांचं इंग्रजी मेयोचं, माझं कोल्हापूरचं. एकमेकांचं निम्मंच कळतं, पण त्या निम्म्यावर वीस वर्षं काढली.

२०१६ ची फायनल. १८ सप्टेंबर, रविवार, समोर डब्लिन. आप्पांचा पुतण्या तापानं पडला म्हणून क्लबकडून आलेलं एक तिकीट शिल्लक राहिलं, ते मला मिळालं. आदल्या रात्री कोल्हापूरहून आईचा फोन. तिला मी कौतुकानं सांगितलं, असं असं आहे, अशी मॅच, असा शाप. ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, ‘अरे, मेलेल्या माणसाचा शाप, आणि मॅच पितृपक्षात ठेवलीय? कुणाला काही कळतं का नाही तिकडं?’ मंडळी, मी कॅलेंडर पाहिलं. पितृपक्षच होता! जीएए, म्हणजे हा खेळ चालवणारी, १८८४ साली स्थापन झालेली संस्था, तोवर इतकी वर्षं फायनल सप्टेंबरात घेत होती, आणि एवढ्या वर्षांत एकानंही पंचांग उघडलं नाही. (हशा) हसू नका, पुढे ऐका.

सकाळची गाडी. कॅसलबारहून डब्लिन तीन-सव्वातीन तास. अख्खी गाडी हिरवी-लाल. बायकोनं मला डबा दिला होता: धपाटे, दही आणि खर्डा. आता हॉलमधल्या पुणेकरांसाठी सांगतो, खर्डा म्हणजे तुमचा ठेचा, पण घाबरलेला नसलेला. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून लसूण-मिठाबरोबर रगडलेल्या. आप्पांनी हॅम सँडविच उघडलं, माझ्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ते हिरवं काय?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला झेपायचं नाही.’ हे मेयोच्या माणसाला म्हणायला नको होतं. त्यांनी चमच्यानं, हो, चमच्यानं, खर्डा उचलून हॅमवर पसरला. जॅम पसरतात तसा. आणि घास घेतला.

पहिला अर्धा मिनिट काही नाही. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग टक्कल. डोळ्यांतून धारा. समोरच्या सीटवरच्या बाईंना वाटलं, मॅचच्या टेन्शननं रडताहेत. त्यांनी टिश्यू दिला आणि ‘होईल हो सगळं नीट’ म्हणून हात थोपटला. आप्पांनी अख्खं सँडविच संपवलं. शेवटचा घास गिळून म्हणाले, ‘आमच्या फुल बॅक लाइनला हे द्यायला पाहिजे.’

क्रोक पार्कात पाऊस. आम्ही वरच्या बाजूला, समोर हिल सिक्स्टीन या स्टँडवर डब्लिनवाल्यांचा निळा समुद्र. आणि मग ते झालं. पहिल्या हाफमध्ये मेयोनं दोन गोल केले. स्वतःवरच! एक केविन मॅकलॉखलिनच्या अंगाला लागून आत, दुसरा कोल्म बॉइलच्या. ऑल-आयर्लंड फायनलमध्ये एका टीमनं अर्ध्या तासात दोन स्वगोल! मी आप्पांकडे पाहिलं. ते पेन्सिलीनं कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहीत होते. मला आईचं वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. म्हटलं, हे काही माणसाचं काम नाही. पण पोरं हटली नाहीत. तीननं मागे होती, शेवटी एकेक करत तीन पॉइंट काढले, आणि इंज्युरी टाइममध्ये किलियन ओकॉनरनं बरोबरी केली. डब्लिन २-९, मेयो ०-१५. आप्पांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी निळा पडला. आणि परतीच्या गाडीत ते काय म्हणाले? पोरांबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, ‘ते हिरवं. पुढच्या मॅचला जास्त आण.’

इथे माझी खरी शोकांतिका सुरू होते. पुन्हा मॅच कधी? १ ऑक्टोबर, शनिवार. म्हणजे काय? घटस्थापना! घरी घट बसलेला, बायकोचा उपास, आणि कोल्हापूरच्या माणसाच्या घरी नवरात्रात लसूण? नाव काढू नका. मी चोरून दोन मिरच्या भाजू का म्हणून विचारलं, तर तिनं फक्त देवघराकडे बोट दाखवलं. डब्यात साबुदाण्याची खिचडी. आप्पांनी गाडीत डबा उघडला, पांढरे मोती पाहिले, हिरवं शोधलं, नाही. एक शब्द बोलले नाहीत. डब्लिन १-१५, मेयो १-१४.

एका पॉइंटनं! शेवटी बरोबरीची फ्री किक होती, ती बाहेर गेली. त्या दिवशी गोलकीपर बदलला म्हणून अख्खी कौंटी मॅनेजरवर चिडली. आप्पा आजतागायत खिचडीवर चिडून आहेत. त्यांच्या मते एक पॉइंट म्हणजे एक मिरची. मी अंबाबाईला दोष देऊ शकत नाही, तिचं त्या नऊ दिवसांत वेगळं युद्ध चालू असतं.

पुढच्या वर्षी २०१७ ला मी खर्ड्याची बाटली भरून ठेवली होती. पण तिथे आमच्या कामाच्या ठिकाणच्या ड्युटीच्या तक्त्यानं घात केला. मी जूनमध्ये रजा मागितली होती, लेखी. तो रविवार मला मिळाला नाही, आणि ज्याला मिळाला तो क्रिकेटवाला! त्या रविवारी एक्स-रेला एक माणूस आला नाही, एकही. अख्खं मेयो टीव्हीसमोर. हाड मोडलं तरी मॅच संपल्यावर येऊ म्हणून थांबलेलं. मी रिकाम्या खोलीत शिशाचा एप्रन घालून रेडिओ ऐकत होतो. डब्लिन १-१७, मेयो १-१६. पुन्हा एक. शेवटच्या फ्री किकला मेयोच्या ली कीगननं पाठीवरचं जीपीएसचं यंत्र काढून किक मारणाऱ्या डब्लिनच्या डीन रॉकच्या दिशेनं फेकून मारलं, तरी त्यानं बॉल मधोमध घातला. वाईट नाही वाटलं मला. आमच्याकडे चपला फेकायचे.

आणि त्याच वर्षीची एक गंमत. तोवर देशाचे पंतप्रधान आमच्या कॅसलबारचे, एंडा केनी. त्यांचे वडील हेन्री केनी १९३६ च्या विजेत्या मेयो टीमचे. जूनमध्ये केनी गेले आणि आले कोण, लिओ वराडकर. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडे पेढे वाटले. सप्टेंबरात मेयो हरलं. आप्पा कुंपणापाशी आले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘तुमच्यापैकीच ना तो?’ मी म्हटलं, ‘तो मालवणचा, मी कोल्हापूरचा. मध्ये घाट आहे.’ ते म्हणाले, ‘डब्लिनचा आहे तो.’ विषय संपला. 

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं. समोसे गार होताहेत.’ बरं. मुद्द्यावर आलो.

आप्पांची एक शेतकी डायरी असते. गाय कधी व्याली, वासराच्या कानातला नंबर, डॉक्टरला किती दिले, आणि त्यातच फायनलचे निकाल. ‘१ ऑक्टोबर. कालवड झाली. डब्लिन १-१५, मेयो १-१४.’ एवढंच. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो, बाहेर गारांचा पाऊस, काम काही नाही, म्हणून मी २०१२ ते २०२१ मधल्या सगळ्या फायनल एका कागदावर उतरवल्या. बरोबरीची धरून सात मॅच. आणि गोल वेगळे, पॉइंट वेगळे, अशी उभी बेरीज केली. ऐका. पॉइंट: मेयो १०२, समोरचे ९२. चुकलो म्हणून पुन्हा केली. १०२ आणि ९२. सातपैकी पाच मॅचमध्ये दांडीवरून मेयोनंच जास्त मारलेत! आणि गोल? मेयो ३, समोरचे १२.

मंडळी, हा शाप आहे. पाद्री नाही, विधवा नाही, पितृपक्ष नाही, खिचडी तर नाहीच. २०१२ ला डोनेगलनं पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल घातले. २०१७ ला डब्लिनचा दुसऱ्याच मिनिटाला. २०२० ला पंधरा सेकंदही झाले नव्हते. आप्पा ब्रेडला लोणी लावत होते, वर बघेपर्यंत गोल झालेला. २०२१ ला मेयोला पेनल्टी मिळाली, ती बाहेर. टिरोननं दोन घातले. आणि मेयोच्या त्या तीन गोलांपैकी दोन कुणाचे? ली कीगनचे. बॅकमध्ये खेळणारा माणूस! फॉरवर्डच्या माणसानं केलेला गोल एकच, २०१३ चा, अँडी मोरनचा. नाव लक्षात ठेवा.

मी कागद आप्पांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाले, ‘कॅल्क्युलेटर गॉलवेचा आहे का?’ गॉलवे म्हणजे मेयोचे शेजारी आणि जुने वैरी. मग डोळे मिटून १९५० आणि १९५१ चे निकाल तोंडपाठ म्हणाले. १९५०: मेयो २-५, लाउथ १-६. १९५१: मेयो २-८, मीथ ०-९. म्हणाले आणि थांबले. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. दोन्ही वेळा पॉइंट मेयोचे कमी! जिंकले ते गोलांवर. चौऱ्याहत्तर वर्षं ते आकडे त्यांच्या तोंडात होते. आप्पा उठले, किटली ठेवली, आणि पाठमोरेच म्हणाले, ‘हे कुणाला सांगू नकोस.’ म्हणून आज तुम्हाला सांगतोय. डब्लिनमध्ये सांगितलेलं मेयोत कुणी खरं मानत नाही.

आता २०२६, तीन मिनिटांत. विरोधात काय आहे? सगळंच. २०२४ ला कॅसलबारमध्ये डेरीकडून पेनल्टीवर बाहेर. यंदा घरी कॅव्हनकडून हरले, मग टिरोनला त्यांच्या घरात जाऊन हरवलं, मग डोनेगलविरुद्ध बरोबरी पुरली असती तर शेवटच्या क्षणी एका पॉइंटनं गेले. गटातूनच बाहेर. केरी आत्ताच एकोणचाळिसावा कप घेऊन बसलंय आणि त्यांचा हुकमी खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड म्हातारा व्हायचं नाव घेत नाही.

बाजूनं काय? एक, नवे नियम. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलं की आता दोन पॉइंट. गोलाचे मात्र तीनच राहिले. म्हणजे पूर्वी एक गोल फेडायला तीन किका लागायच्या, आता दोन लांबच्या मारल्या की फिटून वर एक उरतो. ज्या टीमचं घर गोलांनी बसलं आणि जिची पोरं लांबून मारण्यात बरी आहेत, तिच्यासाठी याहून चांगला नियम कुणी मुद्दाम लिहिला नसता; आणि लिहिला कुणी, तर त्या समितीचे प्रमुख जिम गेविन, मेयोला २०१३, २०१६, २०१७ ला हरवणाऱ्या डब्लिनचे मॅनेजर! मी याला प्रायश्चित्त समजतो. दोन, प्रत्येक टीमला तीन माणसं पुढे ठेवावीच लागतात, त्यामुळे गोलासमोरची गर्दी कमी झालीय. तिथे गोल व्हायला हवेत. अर्थात आपल्यावरही होतील, हे मान्य. तीन, गटसाखळी गेली. मेयोला हिशोब करायला लावला की ती टीम चुकते. हिशोब नको, समोरची मॅच जिंका, एवढंच सांगितलं की बरी खेळते. आणि चार, ऑगस्टपासून मॅनेजर कोण आहे? अँडी मोरन. दहा वर्षांच्या फायनलांमध्ये मेयोच्या ज्या एकाच फॉरवर्डला जाळं सापडलं, तोच. २०१७ ला तेहतिसाव्या वर्षी फुटबॉलर ऑफ द इयर झालेला. त्याला मी सांगायला जायची गरज नाही की बाबा, आडव्या दांडीच्या खालूनही मारता येतं.

माझा आकडा? उपान्त्यपूर्व फेरी नक्की. उपान्त्य फेरी, ड्रॉ बरा लागला तर. त्यापुढे मी मेयोत राहतो, म्हणून बोलणार नाही. फायनल हल्ली जुलैच्या शेवटच्या रविवारच्या आसपास येते, आणि त्याच रविवारी आमच्याकडे क्रोग पॅट्रिकची वारी असते, ७६४ मीटरचा डोंगर, काही जण अनवाणी चढतात. मेयो पोचलंच तर लोकांनी कुठे जायचं हा प्रश्न पॅरिशमध्ये आत्ताच निघालाय. म्हणजे बघा, तोंडानं ‘बघू की’ म्हणणारी माणसं.

हो, हो, बसतो. एकच. जानेवारीच्या शेवटी लीगची पहिली मॅच. आप्पा आणि मी गाडीनं जाणार आहोत, मागे दोन जागा आहेत. निळी जर्सी चालेल, आत स्वेटर घाला. खर्डा मी आणतो. फक्त गाडीत कुणी ‘यंदा जिंकणार’ म्हणायचं नाही. आप्पा गाडी थांबवून उतरवतात. मागच्या वर्षी माझ्या मेहुण्याला क्लेअरमॉरिसच्या अलीकडे उतरवला होता.